गव्हाचे रुपये आणि मोल्सवर्थचा कोश
कपाटाबाहेरची पुस्तकं : लेखांक सातवा

मराठी शब्द अडला की अनुवादक, संशोधक आणि हल्ली पत्रकारसुद्धा ज्या संकेतस्थळाकडे धाव घेतात, ते चालतं मिशिगन सरोवराच्या काठी. शिकागो विद्यापीठाच्या ग्रंथालयाची ही ‘डिजिटल साउथ एशिया लायब्ररी’. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ची आवृत्ती तिथे आहे. दाते-कर्वे मंडळींचा महाराष्ट्र शब्दकोश आहे, वझ्यांचा १९११चा आर्यभूषण शालेय कोश आहे, शं. गो. तुळपुळे आणि अ‍ॅन फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश आहे, मॅक्सिन बर्नसन आणि जाई निंबकर यांचाही आहे. सगळं फुकट, आणि नाव-गाव कुणी विचारत नाही. गेल्या आठवड्यात आपण पानांची छायाचित्रं घेण्यापर्यंत आलो होतो. छायाचित्रं घेऊन झाली की ग्रंथालयाचं खरं काम सुरू होतं. ते काम कसं चालतं, आणि मराठी कोशांच्या बाबतीत ते शिकागोत का झालं, एवढंच आज पाहू.

शिकागोत का, याचं उत्तर गव्हात आहे.

साठच्या दशकात रेशनच्या दुकानावर मिळणारा लाल गहू आणि मिलो ज्यांनी खाल्ला आहे, त्यांना ‘पीएल ४८०’ हे नाव वेगळं सांगायला नको. अमेरिकेने १९५४ साली केलेला हा कायदा. तिथलं जास्तीचं धान्य भारतासारख्या देशांना द्यायचं आणि त्याचे पैसे डॉलरमध्ये न घेता त्या-त्या देशाच्या चलनात घ्यायचे, अशी त्यातली सोय होती. भारताकडे डॉलर नव्हते, त्यामुळे आपल्याला ती मानवली. पण त्यातून अमेरिकन सरकारच्या नावावर भारतात रुपयांचा डोंगर साचत गेला. हे रुपये अमेरिकेला नेता येत नव्हते. खर्च करायचे तर इथेच. डोंगर किती मोठा होता याची कल्पना १९७४ साली आली. अमेरिकेचे राजदूत डॅनियल पॅट्रिक मॉयनिहन यांनी त्यातला मोठा भाग सोडून देताना भारत सरकारला जो धनादेश दिला, त्यावरचा आकडा १,६६४ कोटी रुपयांचा होता.

या रुपयांचं करायचं काय, या प्रश्नावर अमेरिकन काँग्रेसमध्ये १९५८ साली एक दुरुस्ती मंजूर झाली: यातून पुस्तकं विकत घ्यावीत. मग १९६२ साली लायब्ररी ऑफ काँग्रेसने दिल्लीत कार्यालय उघडलं आणि भारतीय भाषांतली नवी पुस्तकं, मासिकं, सरकारी अहवाल घाऊक खरेदी होऊ लागले. मराठीही त्यात आली. कथा-कादंबऱ्या, दिवाळी अंक, जिल्ह्याचे अहवाल. एक प्रत लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे आणि बाकीच्या काही निवडक विद्यापीठांकडे जात. शिकागो त्यांतलं एक. खरेदी झालेल्या पुस्तकांची यादी दिल्लीचं कार्यालय नियमित छापत असे, लेखक-शीर्षकांचं रोमन लिप्यंतर करून. पुण्यातल्या प्रकाशकाची चारशे प्रतींची आवृत्ती पुण्यात संपून विसरलीसुद्धा जाई, पण तिची एक प्रत शिकागोच्या कपाटात क्रमांक लावून उभी असे. आपण खाल्लेल्या गव्हाच्या पैशांनी ती तिथे पोचली होती. हा विनोद आहे की हिशेब, ते ज्याचं त्याने ठरवावं.

यावर नेहमी एक नाराजी ऐकू येते की आपला ठेवा त्यांनी नेला. माझं मत थोडं वेगळं आहे. त्यांनी दुकानातून छापील प्रत विकत घेतली, तीही दुकानदाराला पैसे मोजून. त्याच आवृत्तीच्या बाकीच्या प्रती इथेच होत्या. त्यांचं काय झालं, हे शोधायला शिकागोला जावं लागत नाही; कुठल्याही तालुक्याच्या वाचनालयाची माळ्यावरची खोली उघडून पाहावी. पण नाराजीत एक तथ्य आहेच. साताऱ्यातल्या वाचकाला शिकागोतल्या कपाटाचा उपयोग शून्य. नव्वदच्या दशकात शिकागोच्या ग्रंथपालांपुढे हाच प्रश्न होता, आणि त्याचं पहिलं उत्तर त्यांनी तमिळमध्ये शोधलं.

तमिळनाडूत चेट्टिनाडमधल्या कोट्टैयूर गावी रोजा मुथय्या चेट्टियार नावाचे गृहस्थ राहत. व्यवसायाने पाट्या रंगवणारे. आयुष्यभर त्यांनी छापील तमिळ मजकूर जमवला: पुस्तकं, मासिकं, नाटकांच्या जाहिराती, हँडबिलं, लग्नपत्रिकासुद्धा. १९९२ साली ते गेले तेव्हा सुमारे एक लाख वस्तूंचा संग्रह मागे राहिला. शिकागो विद्यापीठाने तो कुटुंबीयांकडून विकत घेतला. आता जुन्या रिवाजाप्रमाणे पेट्या भरून बोटीवर चढवल्या असत्या तर कुणी अडवलं नसतं. तसं केलं नाही. १९९४ साली चेन्नईत रोजा मुथय्या संशोधन ग्रंथालय उभं राहिलं, संग्रह तिथेच राहिला, दुरुस्ती, सूची आणि मायक्रोफिल्मचं काम तिथल्याच माणसांनी केलं. शिकागोला गेल्या त्या फिल्मच्या प्रती. मूळ वस्तू जागेवर, प्रत सर्वत्र, आणि कौशल्य स्थानिक माणसांच्या हाती. पुढे डिजिटल साउथ एशिया लायब्ररी उभी राहिली ती याच पद्धतीवर. चेन्नईचं हे ग्रंथालय, हैदराबादचं सुंदरय्या विज्ञान केंद्र, काठमांडू खोऱ्यातलं मदन पुरस्कार पुस्तकालय हे तिचे भागीदार झाले. अमेरिकेच्या शिक्षण खात्याने अनुदान दिलं. या सगळ्यामागे शिकागोचे दक्षिण आशिया विभागाचे ग्रंथपाल जेम्स नाय यांचा मोठा वाटा होता. ग्रंथपालाचं काम म्हणजे पुस्तकं देणं-घेणं, असं समजणाऱ्यांनी त्यांची कारकीर्द जरूर पाहावी.

आता कोशाकडे येऊ.

जेम्स थॉमस मोल्सवर्थ हे ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करातले अधिकारी. कँडी बंधू आणि मराठी शास्त्रीमंडळींना हाताशी धरून त्यांनी केलेला कोश १८३१ साली निघाला आणि सुधारून वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ साली मुंबईत छापली गेली. नऊशेहून अधिक पानं, साठ हजारांच्या आसपास शब्द, बारीक टाइप. एकाच ओळीत देवनागरी, रोमन, तिरके टाइप, कंसातली संक्षेपाक्षरं. शब्द संस्कृतातून आला की फारसीतून की अरबीतून, हे मोल्सवर्थ एका अक्षरात सांगतो. असं पान संगणकाला नुसतं ‘वाचून दाखव’ म्हणून सांगितलं तर आजही तो अडखळतो. नव्वदच्या दशकाच्या शेवटी तर जोडाक्षरांनी भरलेली जुनी देवनागरी ओळखणारी भरवशाची प्रणालीच नव्हती.

तेव्हा उरतो तो माणसाचा हात. अशा मजकुराची रूढ रीत अशी: तेच पान दोन टंकलेखकांनी एकमेकांना न विचारता टंकायचं, मग संगणकाने दोन्ही प्रती ओळीला ओळ लावून पाहायच्या. जिथे फरक दिसेल तिथे कुणीतरी चुकलंय, मूळ पान उघडून खात्री करायची. दोघांनी नेमकी एकच चूक एकाच जागी करण्याची शक्यता फार कमी. तरी ती असतेच. एका पानावर पाच हजार अक्षरं धरली आणि दोन हजारांमागे एक चूक राहिली, तर पानाला दोन-तीन चुका होतात. बातमीत हे खपून जाईल. कोशात शीर्षशब्दातलं एक अक्षर चुकलं की तो शब्द हरवला. शोधणाऱ्याला तो कधीच सापडणार नाही आणि हरवल्याचं कळणारही नाही.

टंकून झालं की खुणा घालायच्या. हा शीर्षशब्द, हे लिंग, ही व्युत्पत्ती, हा पहिला अर्थ, हा दुसरा, ही म्हण, इथे मूळचं पान संपलं. वाचकाला या खुणा दिसत नाहीत, पण संगणकाला दिसतात. माझ्या मते ग्रंथालयाची किंमत या कामात कळते. छायाचित्र कुणीही घेईल. कोशकाराने दीडशे वर्षांपूर्वी टाइपाच्या जाडीने आणि कंसाने जे सुचवलं, ते ओळखून वेगळं करायला कोश वाचता येणारा माणूस लागतो. मग छापील कोशाला कधी न जमलेली गोष्ट शक्य होते. छापील मोल्सवर्थमध्ये मराठी शब्दावरून इंग्रजी अर्थ सापडतो. इथे अर्थाच्या मजकुरात शोध घेता येतो. नांगर या अर्थाचा इंग्रजी शब्द टाकावा, की इसाड, रुमणे, फाळ अशी त्याच्या अवयवांची नावं कोशाच्या कानाकोपऱ्यांतून गोळा होतात. अकारविल्हे क्रमाने ती शेकडो पानं एकमेकांपासून दूर बसलेली असतात. एखाद्या लेखकाला १८५०च्या सुमाराचा शेतकरी बोलता करायचा असेल, तर याहून चांगली मदत मला माहीत नाही.

हे सगळं ज्या आज्ञाप्रणालीवर अनेक वर्षं चालत होतं, तिची गोष्ट थोडी गमतीची आहे. शिकागो विद्यापीठात १९८२पासून फ्रेंच साहित्याचा एक मोठा संगणकीय प्रकल्प आहे. व्हॉल्तेअर, दिदरो यांच्या ग्रंथांत शोध घेण्यासाठी त्यांनी ‘फिलोलॉजिक’ नावाची प्रणाली केली. दक्षिण आशियाच्या कोशांनी तीच वापरली. म्हणजे तुम्ही-आम्ही ‘रुमणे’ शोधत होतो ते फ्रेंच वाङ्मयाच्या यंत्रावर. पुढे ती व्यवस्था बदलली, आणि पानांचे जुने पत्तेही बदलले. असे पत्ते बदलले की तळटिपांत दिलेले जुने दुवे उघडत नाहीत. कागदावरच्या कोशाचा पान क्रमांक दीडशे वर्षं बदलला नाही, हे विसरू नये. म्हणून या कोशांचा संदर्भ देताना मी संकेतस्थळाच्या पत्त्याबरोबर छापील पानाचा क्रमांक देतो. नोंदीजवळ तो दिलेलाच असतो. पानबदलाच्या त्या अदृश्य खुणेचा उपयोग हा.

लिपीची अडचण वेगळीच. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१पासून आहे, पण मराठीला हवा असलेला एकसंध ‘ॲ’ त्यात २००८ साली आला. तोपर्यंत जो तो आपापल्या युक्तीने तो लिहीत असे, आणि दोन युक्त्यांनी लिहिलेला एकच शब्द संगणकाच्या दृष्टीने दोन वेगळे शब्द असतात.

हक्कांबद्दल थोडक्यात. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क टिकतो. मोल्सवर्थचा प्रश्न नाही. तुळपुळे-फेल्डहाउस कोश मात्र १९९९चा, मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनाचा. असा ग्रंथ खुला करायचा तर हक्कधारकांची संमती लागते. प्रकाशक साधारणपणे कचरतात: फुकट मिळालं तर विकत कोण घेईल? कोशापुरतं तरी मला हे भय अवास्तव वाटतं. कोश सलग वाचणारा माणूस कागदाचाच घेतो, आणि एक शब्द पाहणारा तो एरवीही विकत घेणार नव्हता.

आपल्याकडे याच काळात काही झालं नाही असं नाही. ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ने हजारो मराठी पुस्तकांची पानं टिपली. संख्येने ते काम शिकागोच्या कितीतरी पुढे गेलं. पण शीर्षकं मनाला येईल त्या रोमन लिपीत लिहिलेली. एकाच लेखकाचं नाव चार तऱ्हांनी. मधलीच पानं गायब. पुस्तक आहे हे पक्कं माहीत असूनही ते सापडू नये, हा अनुभव ज्यांनी घेतला त्यांना सूचीकाराची किंमत पटवून द्यावी लागत नाही. अलीकडे स्वयंसेवकांनी उभारलेल्या ‘बृहद्कोश’ या संकेतस्थळावर अनेक मराठी कोश एका शोधात पाहता येतात, आणि ते अगदी आपल्या गरजेला धरून केलेलं काम आहे. एक कोश काय म्हणतो ते कळलं की दुसरा त्याला कुठे छेद देतो हे लगेच दिसतं.

शिकागोच्या कोशांत पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी एक सूचना. जुन्या कोशांत १९६२च्या आधीचं शुद्धलेखन आहे. ‘रुमणें’, ‘केळें’, ‘मोतीं’ अशा रूपांवर अनुस्वार असतो. आजच्या पद्धतीने टंकून काही हाती लागलं नाही, तर अनुस्वार देऊन पाहा, ऱ्हस्वाचं दीर्घ करून पाहा, आणि तरीही नाही मिळालं तर अर्थाकडून इंग्रजीत शोधा. तीन वाटांपैकी एक बहुतेक वेळा लागू पडते. संशयास्पद वाटलेली नोंद मूळ पानाशी ताडून घ्या. टंकणारे माणूसच होते.

कोश एकदा टंकला की संपतो, नियतकालिकाचं तसं नाही: अंक गहाळ, वर्षं तुटलेली, मालकी वादात. दक्षिण आशियाची जुनी नियतकालिकं मायक्रोफिल्मवर उतरवायला अमेरिकन ग्रंथालयांनी १९६७ साली एकत्र येऊन सुरुवात केली आणि त्या कामाची पुढची पायरी २०१९ साली ‘जेस्टोर’वर सर्वांसाठी खुली झाली. पुढच्या आठवड्यात तिकडे वळू.