तीनदा आलं, म्हणून खरं वाटलं

एकच बातमी तीन ग्रुपवर आली की खरी वाटू लागते. का? ओळखीचं वाक्य वाचताना मेंदूला कमी कष्ट पडतात आणि ती सहजता त्याला खरेपणाची खूण वाटते. मळलेली पायवाट बरोबरच असणार, असं आपण धरून चालतो ना, तसं. पुन्हा पुन्हा आलेलं विधान जास्त खरं वाटतं, हे १९७७ मध्ये मानसशास्त्रज्ञांनी प्रयोगातून दाखवलं. प्रत्यक्षात तिन्ही ग्रुपवरच्या बातमीचा उगम एकच असू शकतो.

असा विश्वास जीवघेणाही ठरू शकतो. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात १ जुलै २०१८ रोजी मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच निरपराध माणसं ठार मारली. भिक्षा मागून जगणारी माणसं होती ती! त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात फॉरवर्डवर एका वेळी पाच चॅटची मर्यादा जाहीर केली. संदेशावर दुहेरी बाण दिसला, तर तो निदान पाच टप्पे फिरून आलेला असतो. पहिल्यांदा कुणी लिहिला, हे मात्र बाण सांगत नाही.