आकडा कमी, तितका म्हातारा

काचेमागच्या काळ्या कॅबिनेटमधून जांभळा, हिरवा, लाल असा उजेड फिरतोय आणि तेरा-चौदा वर्षांचा एक मुलगा त्याच्यासमोरून हलायला तयार नाही.

"ताई, हाच घ्यू."

"तो दिवा हाये, कॉम्प्युटर नाई," ताई त्याच्याकडे न बघताच म्हणते. ती अकरावीत आहे, सायन्सला. काउंटरवर तिनं वहीचं एक पान उघडून ठेवलंय. पानावर पेन्सिलीनं आकडे लिहिलेत, काही खोडलेत.

नोव्हेंबर २०२५ संपत आलाय. वाशीम जिल्ह्यातल्या रिसोडच्या बाजाराच्या रस्त्यावरचं हे दुकान. मी प्रिंटरचं टोनर भरायला दिलंय आणि ते होईपर्यंत बसायला मला स्टूल मिळालंय. दुकानात मोबाइलची कव्हरं, सीसीटीव्हीचे कॅमेरे, वायरींची भेंडोळी आणि मागच्या भिंतीला एकावर एक रचलेले ऑफिसातले जुने सीपीयू. मुलांचे वडील खांद्यावरच्या रुमालानं मान पुसत उभे आहेत. शर्टाच्या खिशातून बाजार समितीतली पट्टी डोकावतेय. सोयाबीन बेचाळीसशेनं गेलं, हे त्यांनी आल्या आल्या सांगून टाकलंय, कुणी न विचारता. हमीभाव ५,३२८ रुपये आहे, हे दुकानात सगळ्यांनाच माहीत आहे.

"चोवीस हजार हायेत," ते म्हणतात. "त्याच्यात बसवा."

दुकानदार तिशीचा, बोलायला गोड. तो त्या दिव्यांच्या कॅबिनेटवर हात ठेवतो. "काका, हेच घ्या मंग. आय-फाइव्ह, आठ जीबी रॅम, एसएसडी, एकोणीस इंची स्क्रीन, कीबोर्ड-माउस. साडेपंधरा हजार. पैसे वाचतेत तुमचे."

"दादा, आय-फाइव्हच्या पुढचा आकडा काय?" मुलगी विचारते.

"आय-फाइव्ह म्हणजे आय-फाइव्हच हाये ना."

"पुढं चार आकडे असतात. ते सांगा ना."

दुकानदार हसतो, पण सांगतो. ३४७०. मुलगी वहीतल्या पानावर बोट ठेवते आणि वडिलांकडे वळते. "बाबा, हा २०१२ चा हाये. मी अंगणवाडीत होतो तवाचा." आमच्याकडे मुली अशा 'होतो' म्हणतात, त्यात नवल नाही.

"पण डबा तं नवा हाये," वडील म्हणतात. "शील बी नवं हाये."

डबा खरंच नवा आहे. गोम तिथंच आहे. अशा स्वस्त सेटमधला मदरबोर्ड एच-६१ जातीचा असतो. इंटेलनं ही जात २०११ मध्ये आणली आणि कधीच सोडून दिली, पण भंगारात निघालेल्या जुन्या प्रोसेसरना बसायला जागा लागते, म्हणून छोटे कारखाने असे बोर्ड अजून नव्यानं बनवतात. बोर्ड नवा, कॅबिनेट नवं, पंखे नवे आणि मधोमध तेरा वर्षं जुनी चिप. यात खोटं असं काही कुणी बोलत नाही. स्टिकरवर आय-फाइव्ह लिहिलंय आणि आत आय-फाइव्हच आहे.

"म्हणजे बैल म्हातारा अन् झूल नवी," वडील म्हणतात. आता त्यांना रस आलाय. ते काउंटरवर दोन्ही कोपरं टेकतात. "मंग याचे दात कुठं पाह्याचे, ते सांग मले."

मुलगी सांगते. आय-थ्री, आय-फाइव्ह हे सोडून द्यायचं. डेस्कटॉपच्या चिपवर त्यापुढं चार आकडे असतील तर पहिला आकडा पिढीचा, पाच आकडे असतील तर पहिले दोन. ३४७० म्हणजे तिसरी पिढी, ६५०० म्हणजे सहावी, १२१०० म्हणजे बारावी. वडील मनातल्या मनात घोकतात. आदत, दोन दाती, चार दाती, सगळे दात येऊन जुळलेला, हा हिशोब त्यांच्या हाताबोटांत आहे. बैलबाजारात त्यांना कुणी फसवलं नसेल.

"उलटं हाये मंग," ते शेवटी म्हणतात. "बैलाचे दात वाढले का वय वाढते. इथं आकडा कमी, तितका म्हातारा."

दुकानदार हरल्यासारखा हसतो आणि मागच्या भिंतीकडे जातो. खरं तर तो हरलेला नाही. ज्याला पारख आहे त्याच्यासाठीचा माल त्यानं मागं ठेवलाय, इतकंच. पुण्या-मुंबईच्या कंपन्या काही वर्षांनी ऑफिसातले कॉम्प्युटर एकगठ्ठा काढून टाकतात. ते पुसून, झाडून, एसएसडी घालून विकले जातात. रिसोडला रेल्वे नाही, त्यामुळे हा माल ट्रॅव्हल्सच्या डिकीतून येतो. सध्या तो जरा जास्तच येतोय. मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज १० च्या नेहमीच्या सुरक्षा दुरुस्त्या थांबवल्या आणि विंडोज ११ ला इंटेलची निदान आठवी पिढी लागते. सहाव्या-सातव्या पिढीचे धडधाकट कॉम्प्युटर त्यामुळे ऑफिसातून बाहेर पडले आणि तालुक्याच्या गावांत उतरले.

"हा घ्या, सहावी. अकरा हजार. विंडोज ११ टाकून देतो."

"कंपनी त्याला चालत नाही म्हणते, दादा. जुगाड करून टाकलं तर पुढची अपडेट येईल याची खात्री नाही." मुलगी थांबते. "लिनक्स टाकलं तर हा बी चांगला हाये. पण मले आठवीच पाह्यजे."

हे मला आवडलं. सहावी पिढी भंगार आहे, असं ती म्हणत नाही. पैसे अकरा हजारच असते तर मीही तोच घे म्हटलं असतं, लिनक्स घालून. तिला आयटी विषयासाठी एचटीएमएल आणि जावास्क्रिप्ट लिहायचंय, सीईटीचे सराव पेपर सोडवायचेत. सीईटी पडद्यावरच द्यायची असते. माउसनं प्रश्न पुढं-मागं करायची सवय परीक्षेच्या दिवशी लागत नाही. यातलं कुठलंच काम सहाव्या पिढीला जड नाही. पण हा कॉम्प्युटर तिच्यानंतर भावाला पुरवायचाय आणि तो गेम टाकणार, हे तिनं धरून ठेवलंय.

"नवाच घेतला तं?" वडील विचारतात.

दुकानदार कॅल्क्युलेटर ओढतो. बाराव्या पिढीचा आय-थ्री, नवा बोर्ड, रॅम, एसएसडी, कॅबिनेट, स्क्रीन. आकडा तेहतीस हजारांच्या पुढं जातो. "रॅमनं मारलं, काका. रोजचा भाव रोज वेगळा. दिवाळीआधी आले असते तं कमी झालं असतं."

"रॅमले काय झालं?"

"एआयचे मोठे मोठे सर्व्हर हायेत ना, ते सारी रॅम खाऊन राह्यले." खरंच तसं चाललंय. सॅमसंग, एसके हायनिक्स, मायक्रॉन या तीनच कंपन्यांकडे जगातल्या मेमरीचा मोठा वाटा आहे आणि त्यांना डेटा सेंटरची मागणी घरगुती गिऱ्हाइकापेक्षा फायद्याची वाटते.

"सोयाबीन सोडून साऱ्याचेच भाव वाढतेत," वडील म्हणतात आणि पट्टी खिशात आत सारतात. मग त्यांना काहीतरी आठवतं. "तो मुर्तिजापूरकडला कोण मोठा कॉम्प्युटरवाला हाये? आपल्याच भागातला?"

"विजय भटकर," मी स्टुलावरून म्हणतो. मूळ गाव अकोला जिल्ह्यातलं मुरांबा. पुण्याच्या सी-डॅकमध्ये त्यांच्या चमूनं १९९१ मध्ये परम हा महासंगणक उभा केला. तेव्हा वाशीम वेगळा जिल्हाही नव्हता, १९९८ पर्यंत रिसोड अकोल्यातच होतं.

"म्हणजे आपल्याच जिल्ह्याचे झाले की," वडील मुलीकडे बघून म्हणतात. तिचं लक्ष नाही. दुकानदारानं खाली उतरवलेला आठव्या पिढीचा डेल ऑप्टिप्लेक्स ती उलटा करून पाहतेय. मागच्या चिकटपट्टीवर सात अक्षर-आकड्यांचा सर्व्हिस टॅग असतो. तो कंपनीच्या साइटवर टाकला की डबा कारखान्यातून कधी निघाला ते कळतं. ती मोबाइलवर टाकते. २०१९. वडिलांना दाखवते. ते मान हलवतात, जुळलेला नाही म्हणून.

"चालू करा, दादा."

चालू होतो. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबून ती प्रोसेसरचं नाव, रॅम आणि डिस्क बघते. नाव बरोबर आहे: ८५००. मग एसएसडीची तब्येत सांगणारा एक छोटा प्रोग्राम पेनड्राइव्हवरून चालवते. ब्याण्णव टक्के. बावीस इंची जुन्या स्क्रीनवर पूर्ण पांढरं पान उघडून कोपऱ्यांत मेलेले ठिपके शोधते. भाऊ एव्हाना दिवे विसरून तिच्या खांद्यावरून वाकून पाहतोय.

"वायफायची डोंगल लागन," दुकानदार म्हणतो, "चारशे रुपये."

"नको. मोबाइलची केबल लावून नेट घेतो."

"मंग यूपीएस तरी घ्या. गावात लाइनचा काय भरवसा." याला कुणाची हरकत नाही. सहाशे व्हीएचा यूपीएस दहा-पंधरा मिनिटं देईल, सेव्ह करून बंद करायला तेवढी पुरे. पण दुकानदार पुढं जो प्रश्न विचारतो तो मुलीच्या वहीत नाही.

"काका, घरी अर्थिंग हाये का?"

वडील गप्प. मीटरपाशी एक तार आहे, ती जमिनीत जाते की भिंतीतच संपते, कोण जाणे. दुकानदार कॅल्क्युलेटर बाजूला ठेवतो आणि पहिल्यांदाच विकणं सोडून बोलतो. अर्थिंग नसलं की लोखंडी कॅबिनेटला हात लावला का झिणझिण्या येतात, पोरं घाबरतात, माल खराब दिला म्हणून लोक दुकानात भांडायला येतात. घरामागं ओलीत खड्डा करा, मीठ अन् कोळसा घाला, त्यात पट्टी पुरा, उन्हाळ्यात वरून पाणी टाकत जा. अन् हे काम वायरमनकडूनच करून घ्या, पोराले नका सांगू. मुलगी पेन्सिल काढून हे लिहून घेते.

घासाघीस वडील करतात. सीपीयू साडेसतरा, स्क्रीन पाच, यूपीएस दोन हजार नऊशे, कीबोर्ड-माउस सातशे. सव्वीस हजार शंभर. ते दोनदा दारापर्यंत जाऊन परत येतात. पंचवीसवर गाडी थांबते. ते नोटा मोजून काउंटरवर ठेवतात, चोवीस हजार.

"हजार राह्यले," दुकानदार म्हणतो.

"तूर निघाली का देतो. जानेवारीत."

दुकानदार वही काढतो, गावाचं नाव विचारतो, लिहितो. मुलगी वहीवर वाकते.

"दादा, त्याच पानावर सहा महिन्यांची वॉरंटी बी लिहा. टॅगचा नंबर टाका, अन् आजची तारीख."