घराजवळचं हिरवं – ४ : भुंगा आणि चिठ्ठी

गेल्या आठवड्यात एक अडचण आपण अर्ध्यावर सोडली होती. झाडीजवळ राहणाऱ्यांच्या तब्येती बऱ्या असतात, असं अनेक देशांतली आकडेवारी सांगते. पण झाडी असते तिथे घरंही महाग असतात. महाग घरात राहणाऱ्याला डॉक्टर, चांगलंचुंगलं जेवण आणि निवांत रविवार, सगळंच परवडतं. मग गुण झाडाचा की पैशाचा?

हे तपासायचं तर माणसं जागच्या जागी ठेवून झाडं तेवढी काढून घ्यावी लागतील. असला प्रयोग कोण करणार? अमेरिकेत तो एका भुंग्यानं केला.

पाचूसारखा हिरवागार, बोटाच्या पेराहून लहान असा हा भुंगा मूळचा पूर्व आशियातला. २००२ मध्ये तो डेट्रॉईटजवळ सापडला. त्याच्या अळ्या ॲश झाडाच्या सालीखाली बोगदे पाडतात, अन्नपाण्याची वाट तुटते आणि काही वर्षांत झाड उभ्या उभ्या वाळतं. ॲश म्हणजे तिथल्या गल्लोगल्लीचं झाड, आपल्याकडच्या गुलमोहरासारखं. अमेरिकी वनखात्यातले जेफ्री डोनोव्हन आणि सहकाऱ्यांनी १५ राज्यांतल्या १९९० ते २००७ या काळातल्या मृत्यूंच्या नोंदी तपासल्या. भुंगा पोचला त्या भागांत हृदयविकारानं १५ हजारांहून अधिक आणि श्वसनाच्या विकारांनी सहा हजारांहून अधिक जादा मृत्यू झाले, असा त्यांचा २०१३ मधला अंदाज. शिवाय फटका जास्त बसला तो सुखवस्तू भागांना. पैसा होता तिथेच होता. गेली ती झाडं.

तरी एखादा शंकेखोर म्हणेलच, की त्याच वर्षांत तिथे आणखीही काही बदललं असेल. शंका रास्त आहे. तिला उत्तर मिळालं फिलाडेल्फियात, आणि तेही चिठ्ठ्या टाकल्यासारखं.

कारखाने गेले, माणसं गेली, घरं पाडली गेली, तशा या शहरात हजारो मोकळ्या जागा ओस पडल्या. तण, जुने टायर, फुटक्या बाटल्या. संशोधकांनी अशा ५४१ जागा निवडून त्यांचे ११० गट केले आणि कोणत्या गटाचं काय करायचं ते नशिबावर सोडलं. काही ठिकाणी कचरा काढून जमीन सपाट केली, गवत आणि थोडी झाडं लावली, भोवती बुटकं लाकडी कुंपण घातलं. काही ठिकाणी नुसती सफाई. उरलेल्या जागांना हातही लावला नाही. आजूबाजूच्या ३४२ रहिवाशांशी आधी आणि नंतर बोलणं झालं. अभ्यास कशाचा, हे त्यांना सांगितलं नव्हतं.

२०१८ मध्ये निष्कर्ष आले. हिरव्या केलेल्या जागांजवळ, हातही न लावलेल्या जागांच्या तुलनेत, खिन्न वाटतं म्हणणाऱ्यांचं प्रमाण ४१.५ टक्क्यांनी घटलं. गरीब वस्त्यांत तर ६८.७ टक्क्यांनी. म्हणजे पैशाची शंका इथे उलटीच पडली. त्या वस्त्यांत गोळीबाराच्या घटनाही २९ टक्क्यांनी कमी झाल्याचं याच प्रयोगातून दिसलं. (खिन्नता लोकांनी स्वतः सांगितलेली आहे, डॉक्टरांनी तपासलेली नव्हे, एवढं ध्यानात असू द्यावं.) नुसत्या सफाईनं मात्र मनःस्थितीत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. आपल्याकडे स्वच्छता मोहिमेचा फोटो निघाला की काम संपतं, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

खर्च? एका जागेला सुमारे १,६०० डॉलर, पुढे देखभालीला वर्षाला १८० च्या आसपास.

माझं लक्ष मात्र त्या कुंपणावर खिळलं. ते बुटकंच असतं आणि त्यात जाण्यायेण्यासाठी मुद्दाम फट ठेवलेली असते. या जागेकडे कुणाचं तरी लक्ष आहे, एवढं त्यातून कळतं; आणि तरी आत जायला कुणाला विचारावं लागत नाही. आमच्या भागातल्या बागेला उंच लोखंडी गज आहेत. ऐन दुपारी, सावलीची सर्वांत जास्त गरज असते तेव्हा, तिला कुलूप असतं. भाजीवाल्या मावशी गजांना टेकून बाहेरच्या फुटपाथवर डबा सोडतात, कारण आतल्या कडुनिंबाची एक फांदी तेवढी बाहेर आलेली आहे.

(पुढील आठवड्यात : रात्रीचा उकाडा आणि झाडांची सावली)