पाण्यावर गोळा केलेला वायू आणि पठारावरची हवा

पाण्याखालून बुडबुड्यांनी गोळा केलेला वायू निखळ नसतो, हे मागच्या भागात डाल्टनच्या नियमावरून पाहिले. गॅसजारमध्ये ऑक्सिजनबरोबर पाण्याची वाफही असते. एकूण दाबातून वाफेचा दाब वजा केला की ऑक्सिजनचा आंशिक दाब उरतो. सूत्र एवढेच. पण त्यात घालायचे दोन्ही आकडे जागा आणि ऋतू पाहून घ्यावे लागतात, आणि उदाहरणांतून पाठ झालेले ७६० मिलिमीटर व २५ अंश देवगाव रंगारीत चालत नाहीत, असे माझे म्हणणे आहे. हा नियम मांडणारा डाल्टन स्वतः १७८७ पासून १८४४ मध्ये मृत्यू येईपर्यंत रोजच्या हवेच्या नोंदी ठेवत होता; स्थानिक हवा बाजूला ठेवून त्याचा नियम वापरणे म्हणूनच अधिक खटकते.

७६० हा समुद्रसपाटीचा दाब. देवगाव रंगारी कन्नड तालुक्यात, पठारावर आहे. जिल्ह्याचे ठिकाण असलेले छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटर उंच आहे, आणि एवढ्या उंचीवर दाब पाऱ्याच्या ७१० मिमीच्या आसपास असतो. यावर कोणी म्हणेल की हवामानाच्या नकाशात या भागावरही १००८ हेक्टोपास्कल, म्हणजे ७५६ मिमी, असा आकडा दिसतो. तो खोटा नाही. पण किनारा आणि पठार यांची तुलना करता यावी म्हणून तो समुद्रसपाटीला आणून मांडलेला असतो. जारवर दाब पडतो तो गावातल्या प्रत्यक्ष हवेचा.

दुसरा आकडा वाफेचा. संपृक्त बाष्पदाब २० अंशांना १७.५ मिमी, ३० अंशांना ३१.८, तर ४० अंशांना ५५.३ मिमी असतो. किनाऱ्यावर २० अंशांना वाफेचा वाटा जेमतेम सव्वादोन टक्के. पठारावर पाणीच ४० अंशांचे असेल तर जवळजवळ आठ टक्के. मराठवाड्याचा उन्हाळा कोरडा, मग एवढी वाफ येईल कुठून, हा आक्षेप रास्त वाटतो, पण जारमधला वायू बाहेरच्या हवेशी नव्हे, पाण्याशी लागून असतो. त्या बंदिस्त जागेत तो थोड्याच वेळात संपृक्त होतो, बाहेर आर्द्रता कितीही असो. कोरडेपणाचा परिणाम वेगळ्या वाटेने होतो. परातीतले पाणी उघडे असते आणि बाष्पीभवनामुळे ते माठातल्या पाण्यासारखे गार पडते. खोली ४० अंशांची आणि पाणी २८ अंशांचे असेल, तर वजा करायचे ते ५५.३ नव्हे, २८.३ मिमी. म्हणून तापमापक भिंतीवर न टांगता पाण्यात धरावा, आणि जार जमेल तितका बुडवून, आतला वायू पाण्याइतका गार झाल्यावरच आकारमान वाचावे.

शाळेच्या प्रयोगाला इतका काटेकोरपणा कशाला, असेही विचारले जाते. ०.७४ ग्रॅम पोटॅशियम क्लोरेट पूर्ण विघटित झाले तर ०.२९ ग्रॅम ऑक्सिजन मिळतो. ७१० मिमी दाब आणि २८ अंशांच्या पाण्यावर तो सुमारे २५० मिलिलिटर भरतो. याच २५० मिलिलिटरला ७६० मिमी आणि २५ अंश लावले तर उत्तर ०.३२ ग्रॅम येते. क्लोरेटमध्ये नव्हताच एवढा ऑक्सिजन त्यातून निघाला, असे गणित सांगू लागते! द्रव्य अक्षय्यतेचा नियम शिकवणाऱ्या वर्गात ही किरकोळ चूक म्हणता येत नाही.

जारमधली आणि बाहेरची पाण्याची पातळी सारखी करणे ओघाने आलेच. आतले पाणी १३.६ मिमी वर राहिले, तर आतला दाब बाहेरच्यापेक्षा पाऱ्याच्या एक मिमीने कमी. वायुभारमापक नसेल तर उंचीवरून अंदाज बांधता येतो: या उंचीपर्यंत दर साडेअकरा मीटरला सुमारे एक मिमी दाब उतरतो. ५७० मीटरला पन्नासेक मिमी वजा होतात, आणि ऋतुमानाने होणारा काही मिमींचा फरक तेवढा शिल्लक राहतो.