फोल्डर उघडत नाही म्हणजे फाइल्स गेल्या असं नसतं! तुटलेली लिंक कशी जोडायची, समजून घ्या

लॅपटॉप चालू केला, डेस्कटॉपवरच्या फोल्डरवर डबल क्लिक केलं आणि फोल्डर उघडायच्या ऐवजी एक चौकट आली. 'लोकेशन इज नॉट अव्हेलेबल'. म्हणजे ही जागा सापडत नाही.

आता त्या फोल्डरमध्ये दहावी-बारावीच्या मार्कशीट, जातीचा दाखला, नॉन क्रिमीलेअर असं सगळं असेल आणि फॉर्म भरायची मुदत उद्या संपत असेल, तर घाम फुटणारच. मग घाईत लोक तीन गोष्टी करतात. एक तर ते फोल्डर डिलीट करून बघतात. नाहीतर व्हिडिओ बघून कुठलं तरी रिकव्हरी सॉफ्टवेअर टाकतात. नाहीतर थेट दुकानात जाऊन विंडोज नव्याने टाकून घेतात.

गंमत म्हणजे चौकट आली तेव्हा फाइल्स बहुतेक वेळा जागेवरच असतात. त्या जातात त्या या तीन उपायांमुळे. म्हणून आधी हा विषय नेमका काय आहे ते बघू.

फोल्डर वेगळं, फोल्डरची लिंक वेगळी

1995 साली विंडोज 95 आलं आणि त्यासोबत शॉर्टकट आला. ज्या आयकॉनच्या डाव्या कोपऱ्यात खाली छोटा बाण दिसतो, तो शॉर्टकट. त्याच्या पोटात तुमच्या फाइल्स नसतात, फक्त पत्ता असतो. अमुक ड्राइव्ह, त्यात अमुक फोल्डर, एवढंच.

दुकान दुसऱ्या गल्लीत हललं पण चौकातली पाटी जुनीच राहिली, तर गिऱ्हाईक जुन्या जागी जाऊन परत येतं. दुकान बंद पडलेलं नसतं, पाटी चुकलेली असते. तुटलेल्या लिंकचं हेच आहे.

यातून एक नेहमीचा घोळ होतो. लोक डेस्कटॉपवरचा शॉर्टकट पेनड्राइव्हवर कॉपी करतात आणि झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढायला जातात. तिथे काहीच उघडत नाही, कारण पेनड्राइव्हवर नुसता पत्ता गेलेला असतो. ओळखायची सोपी खूण म्हणजे साइज. शंभर फोटोंचं फोल्डर अवघं एक-दोन केबीचं दिसत असेल, तर तो शॉर्टकट आहे.

लिंक तुटते कशामुळे?

मूळ फोल्डरचं नाव बदललं किंवा ते दुसरीकडे हलवलं, हे पहिलं कारण. त्याच ड्राइव्हमध्ये हलवलं असेल तर विंडोज बऱ्याचदा स्वतःच नवी जागा शोधून काढतं. पण फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर किंवा पेनड्राइव्हवर गेलं की हा माग सहसा सुटतो.

दुसरं कारण, ड्राइव्हचं अक्षर बदलणं. काल जी हार्ड डिस्क 'ई' होती, ती आज 'एफ' झाली.

तिसरं, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, डेस्कटॉप या विंडोजच्या स्वतःच्या फोल्डर्सचा पत्ता बिघडणं. चौथं, वनड्राइव्ह. आणि पाचवं, पेनड्राइव्हमधला व्हायरस. प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे.

सगळ्यात आधी हे करा

काहीही डिलीट करू नका. बाण असलेला शॉर्टकट उडवला तर मूळ फाइल्सना धक्का लागत नाही, हे खरं. पण बाण नसलेलं फोल्डर उडवलं तर आतलं सगळं जातं. घाईत हा फरक लक्षात येत नाही.

मग 'धिस पीसी' उघडा आणि उजव्या कोपऱ्यातल्या सर्चच्या चौकटीत फोल्डरचं किंवा आतल्या एखाद्या फाइलचं नाव टाका. पूर्ण नाव आठवत नसेल तर एक शब्दही चालतो. शोध पूर्ण व्हायला वेळ लागेल, लागू द्या. रिसायकल बिनमध्येही डोकावा.

सापडलं तर निम्मं काम झालं. जुना शॉर्टकट काढा, मूळ फोल्डरवर राइट क्लिक करून डेस्कटॉपवर नवा शॉर्टकट पाठवा. विंडोज 11 मध्ये हा पर्याय 'शो मोअर ऑप्शन्स'च्या आत, 'सेंड टू'मध्ये असतो. जुन्या शॉर्टकटवर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज' उघडलं तर 'टार्गेट'च्या रकान्यात जुना पत्ताही दिसतो. फोल्डर आधी नेमकं कुठे होतं, याचा धागा तिथे मिळतो.

हार्ड डिस्कचं अक्षर बदललं असेल तर

टार्गेटमध्ये 'ई' ड्राइव्ह लिहिलंय आणि तुमच्याकडे 'ई' नावाचा ड्राइव्हच दिसत नाही, तर आधी डिस्क नीट जोडलेली आहे का ते बघा. केबल बदलून, दुसऱ्या पोर्टला लावून बघा.

डिस्क दिसतेय पण अक्षर वेगळं आहे, असं असेल तर स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून 'डिस्क मॅनेजमेंट' उघडा. त्या ड्राइव्हवर राइट क्लिक करा, 'चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स' निवडा आणि जुनं अक्षर परत द्या. सगळ्या लिंक एका झटक्यात चालू होतात. फक्त दोन गोष्टी सांभाळा. सी ड्राइव्हच्या अक्षराला हात लावू नका. आणि त्याच मेनूत 'फॉरमॅट' आणि 'डिलीट व्हॉल्यूम' हे पर्यायही असतात, त्यांच्यावर चुकूनही क्लिक नको.

डिस्क जोडल्यावर 'वापरण्याआधी फॉरमॅट करा' असा मेसेज आला तर तिथे 'कॅन्सल' दाबा. हा लिंकचा विषय नाही, डिस्कच बिघडल्याची शक्यता आहे. अशा वेळी जाणकाराकडे जाणंच बरं.

डॉक्युमेंट्स किंवा डाउनलोड्स उघडत नसेल तर

सी ड्राइव्ह भरला की बरेच जण डॉक्युमेंट्स फोल्डर 'डी'वर हलवतात. पुढे ती डिस्क काढली किंवा बिघडली, की विंडोज तिथेच शोधत राहतं.

जुनी डिस्क जवळ असेल तर आधी ती जोडा. मग डॉक्युमेंट्सवर राइट क्लिक, 'प्रॉपर्टीज', 'लोकेशन' टॅब आणि तिथलं 'रिस्टोअर डिफॉल्ट' बटण. 'अप्लाय' केलं की विंडोज विचारतं, जुन्या जागेवरच्या फाइल्स नव्या जागी हलवू का? डिस्क जोडलेली असेल आणि सी ड्राइव्हवर जागा असेल तर 'येस'. डिस्कच नसेल तर 'नो', कारण हलवायला तिथे काही नाही. फोल्डर नाही, नवीन बनवू का, असं विचारलं तर मात्र 'येस' म्हणा.

इथे एक मोठा खड्डा आहे. लोकेशन बदलताना पूर्ण 'डी' ड्राइव्ह निवडू नका, त्यात आधी वेगळं फोल्डर बनवा आणि ते निवडा. तसंच डेस्कटॉप आणि डाउनलोड्स या दोघांना एकच जागा देऊ नका. दोन्ही फोल्डर एकमेकांत मिसळतात आणि परत वेगळं करताना डोकं धरायची वेळ येते.

हे पत्ते विंडोजच्या रजिस्ट्रीमध्ये लिहिलेले असतात. लोकेशन टॅबने काम झालं नाही तर तिथे जाऊन पत्ता दुरुस्त करता येतो. पण रजिस्ट्रीमध्ये एक नोंद चुकली तर नवीन भानगड सुरू होते. आधी 'एक्स्पोर्ट' करून कॉपी ठेवता येत नसेल, तर हे काम माहितगाराकडून करून घ्या.

वनड्राइव्हने फाइल्स गायब केल्या?

विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, त्यामुळे बरेच जण विंडोज 11 वर आलेत. मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटने लॉगिन केलं की वनड्राइव्हचा बॅकअप चालू होऊ शकतो. असं झालं की तुमचा डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्सचा पत्ता वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये जातो.

फुकटात जागा मिळते 5 जीबी. ती भरली की सूचना यायला लागतात, माणूस वैतागून बॅकअप बंद करतो आणि दुसऱ्या क्षणी डेस्कटॉप रिकामा! फाइल्स बहुतेक वेळा वनड्राइव्हच्या फोल्डरमध्येच राहिलेल्या असतात. फाइल एक्सप्लोररमध्ये डावीकडे वनड्राइव्हवर क्लिक करा, आत 'डेस्कटॉप' आणि 'डॉक्युमेंट्स' नावाची फोल्डर दिसतील. तिथून कॉपी करून मूळ जागी आणा.

ढगाचं चिन्ह असलेल्या फाइल्स फक्त इंटरनेटवर असतात, कॉम्प्युटरवर नाही. त्या कॉपी करताना नेट चालू हवं. आणि जागा करायची म्हणून वनड्राइव्हच्या फोल्डरमधून काही डिलीट केलंत, तर ते ऑनलाइनही डिलीट होतं, जोडलेल्या दुसऱ्या लॅपटॉपवरूनही जातं. चुकून झालंच तर वनड्राइव्हच्या वेबसाइटवर रिसायकल बिन आहे. पर्सनल अकाउंटला तिथे 30 दिवस मिळतात.

पेनड्राइव्हमध्ये सगळेच शॉर्टकट झालेत?

प्रिंट काढून घरी आलात, पेनड्राइव्ह लावला आणि प्रत्येक फोल्डरच्या जागी त्याच नावाचा शॉर्टकट. ही तुटलेली लिंक नाही, हा व्हायरस आहे. तो खरी फोल्डर लपवतो आणि जागेवर स्वतःला सुरू करणारे शॉर्टकट ठेवतो. शॉर्टकटच्या फाइलमधून हल्ला करणं नवं नाही. 2010 मध्ये उघडकीस आलेला स्टक्सनेट पेनड्राइव्हवरून पसरायला विंडोजच्या शॉर्टकटमधलीच एक त्रुटी वापरत होता.

अशा शॉर्टकटवर क्लिक करू नका. आधी 'विंडोज सिक्युरिटी'ने पेनड्राइव्ह स्कॅन करा. मग फाइल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू' मेनूतून लपलेल्या फाइल्स दाखवायचा पर्याय चालू करा. तरी काही दिसत नसेल तर फोल्डर ऑप्शन्समध्ये 'हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स' समोरची खूण काढा. फिकट रंगाची फोल्डर दिसायला लागतील, कधी कधी तर बिननावाचं एकच फोल्डर दिसतं. त्याच्या आत जाऊन फक्त आपली कागदपत्रं आणि फोटो कॉपी करा, अनोळखी फाइल्स नको. मग पेनड्राइव्ह फॉरमॅट करा आणि काढलेली खूण परत लावा. कॉम्प्युटरचाही पूर्ण स्कॅन करा, कारण पेनड्राइव्ह त्यालाही लागलेला असतो.

पूर्ण डेस्कटॉपच कोरा दिसत असेल तर

वॉलपेपर बदललंय, सगळे आयकॉन गेलेत, कोपऱ्यात 'अकाउंटमध्ये साइन इन करता येत नाही' अशी सूचना आहे. याचा अर्थ विंडोजने तुम्हाला तात्पुरत्या प्रोफाइलमध्ये बसवलंय. इथे काही सेव्ह करू नका, साइन आउट केलं की ते पुसलं जातं.

आधी कॉम्प्युटर रीस्टार्ट करून बघा. तरी तसंच असेल तर सी ड्राइव्हमधलं 'युजर्स' फोल्डर उघडा. तिथे तुमच्या नावाचं जुनं फोल्डर असेल तर आत डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स सगळं असतं. ते बाहेरच्या डिस्कवर कॉपी करून घ्या, मगच प्रोफाइल दुरुस्तीच्या मागे लागा.

दुकानात देण्याआधी

विंडोज नव्याने टाकायची वेळ आलीच, तर 'फॉरमॅट करून द्या' एवढंच सांगून येऊ नका. सी ड्राइव्हमधला डेटा आधी काढून द्या, असं स्पष्ट सांगा आणि डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स ही तिन्ही नावं घ्या. आपण डेस्कटॉपवर ठेवतो ते सगळं सहसा सी ड्राइव्हमध्येच असतं, हे अनेकांना फॉरमॅट झाल्यावर कळतं.

आणि ज्या कागदांशिवाय ॲडमिशन किंवा नोकरीचा फॉर्म अडतो, त्यांच्या स्कॅन कॉपी कॉम्प्युटरशिवाय आणखी एका जागी ठेवा. स्वतःला मेल करा, डिजिलॉकरमध्ये ठेवा किंवा वेगळ्या पेनड्राइव्हवर टाका. फक्त पेनड्राइव्हवर टाकताना साइज तेवढी बघून घ्या. एक-दोन केबी दिसली तर कागद गेलेले नाहीत, नुसता पत्ता गेलाय.