दीड तासाची खरखर

ईसीजीच्या कागदाच्या खालच्या कडेला बारीक टायपात एक ओळ छापलेली असते. २५ एमएम प्रति सेकंद, १० एमएम प्रति मिलिव्होल्ट, मग ०.०५ ते १५० हर्ट्झ, कधी ०.५ ते ४० हर्ट्झ, आणि टोकाला ५० हर्ट्झ. पेशंटचे नातेवाईक ती वाचत नाहीत. डॉक्टरांपैकीही फार थोडे वाचत असावेत. रायपूरच्या पुरानी बस्तीतल्या आमच्या घरी वडिलांची जाडजूड फाइल आहे. तात्यापाऱ्यातल्या मराठी डॉक्टरकाकांपासून शहरातल्या मोठ्या दवाखान्यांपर्यंत, जिथे जिथे त्यांनी छातीवर तारा लावून घेतल्या, तिथले कागद त्यांनी जपून ठेवले. ते चाळताना मला त्या ओळीचा नाद लागला. माणूस तोच आणि छाती तीच, पण खालचे आकडे दर वेळी वेगळे. यंत्राने रेघ आपल्यापुढे ठेवण्याआधी काय काय गाळून टाकलं, याची कबुली त्या आकड्यांत असते.

हे गाळणं निरुपद्रवी नसतं. ०.५ हर्ट्झच्या खालचं सगळं काढून टाकलं की रेघ छान सरळ होते, मात्र त्या भरात एसटी भाग वर किंवा खाली सरकू शकतो. हार्ट अ‍ॅटॅकची शंका याच भागावरून घेतली जाते. म्हणून निदानासाठीच्या ईसीजीत खालची मर्यादा ०.०५ ठेवावी असा संकेत आहे. स्नायूंच्या थरथरीचा त्रास नको म्हणून वरची मर्यादा ४० वर आणली, तर टोकदार लाटा बोथट होतात. देखणी रेघ आणि खरी रेघ यांतून एकीची निवड करावी लागते, आणि घाईत बहुतेक जण देखणी निवडतात.

ईसीजीचं यंत्र घडवणाऱ्या आइन्थोवेनचा गॅल्व्हानोमीटर, मिठाच्या पाण्यात बुडवलेले हातपाय, हिंडत्याफिरत्या माणसाचा ईसीजी टिपणाऱ्या होल्टरचा पाठीवरचा अडतीसेक किलोंचा ट्रान्समीटर हा इतिहास वाचकांना ठाऊक असेलच, म्हणून तो ओलांडून पुढे जातो. एवढं लक्षात असू द्या, की कातडीवर मिळणारा हृदयाचा विद्युतदाब जेमतेम एक मिलिव्होल्ट असतो. त्यावर श्वासाचा झोका, स्नायूंची थरथर, भिंतीतल्या वायरिंगची गुणगुण आणि इलेक्ट्रोड हलल्याचे धक्के चढतात; या सगळ्याला मिळून खरखर म्हणू. ‘पंखा बंद करो, हिलना मत’ हे टेक्निशियनचं फर्मान म्हणजे सगळ्यात जुनं आणि सगळ्यात स्वस्त फिल्टर.

यंत्राला ही सफाई शिकवण्याची गोष्ट सध्याच्या एआयच्या लाटेत सुरू झालेली नाही. स्टॅनफर्डचे बर्नार्ड विड्रो आणि त्यांचे विद्यार्थी टेड हॉफ यांनी १९६० मध्ये एलएमएस ही पद्धत मांडली. चूक मोजायची, तिच्या प्रमाणात यंत्रातली वजनं, म्हणजे कशाला किती महत्त्व द्यायचं ते आकडे, किंचित हलवायची, पुन्हा चूक मोजायची. आजची न्यूरल नेटवर्कं मुळात हेच करतात. (हॉफ पुढे इंटेलच्या पहिल्या मायक्रोप्रोसेसरच्या घडणीत होते, एका माणसाच्या वाट्याला किती यावं!) विड्रो आणि सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये एक लांबलचक निबंध प्रसिद्ध केला. त्यातली दोन उदाहरणं माझ्या डोक्यातून जात नाहीत. पहिल्यात पोटातल्या बाळाचा ईसीजी हवा होता. आईच्या छातीवरून तिच्या हृदयाचा नमुना घेतला आणि पोटावरच्या नोंदीतून तो वजा करायला यंत्राला शिकवलं. म्हणजे इथे आईचं हृदय हीच खरखर. दुसरं उदाहरण हृदयरोपणाचं. त्या शस्त्रक्रियेत रुग्णाच्या जुन्या हृदयाचा वरचा थोडा भाग मागे राहतो, आणि ठोक्याची सुरुवात करणारी जुनी गाठ आपल्या तालात चालूच राहते. तिचा क्षीण आवाज ऐकायचा, तर नवं धडधाकट हृदय वजा करावं लागतं. नवं हृदय नकोसं आणि जुन्याचा उरलेला तुकडा हवासा! कशाला खरखर म्हणायचं, हे यंत्राला कुणीतरी आधी सांगावं लागतं. हा सांगणारा कोण, एवढाच माझा प्रश्न आहे.

उत्तर शोधत गेलं की बहुतेक वाटा बोस्टनला पोचतात. बेथ इस्रायल हॉस्पिटलमध्ये १९७५ ते १९७९ या काळात घेतलेल्या होल्टर टेपांतून ४७ माणसांच्या अर्ध्या अर्ध्या तासाच्या ४८ नोंदी निवडल्या गेल्या, आणि १९८० पासून एमआयटी-बीआयएच हा संग्रह वाटला जाऊ लागला. जॉर्ज मूडी आणि रॉजर मार्क ही त्यामागची नावं. प्रत्येक नोंदीचे सुमारे ४६ मीटर लांबीचे दोन कागदी पट्टे छापले आणि दोन हृदयरोगतज्ज्ञांना वेगवेगळे बसवून ठोकान्‌ठोक्यावर खुणा करून घेतल्या. मतभेद झाले तिथे चर्चा करून निकाल लावला. लाखाहून अधिक खुणा जमल्या. असलं कष्टाचं काम मला कुठल्याही अल्गोरिदमपेक्षा मोठं वाटतं.

टेपांची स्वतःचीही खरखर होती. रेकॉर्डर बॅटरीवर चालत, त्यामुळे अमेरिकेच्या विजेची ६० हर्ट्झची गुणगुण शिरली ती मुख्यतः टेप पुन्हा वाजवताना. काही टेपा दुप्पट वेगाने वाजवल्या होत्या, तिथे ती ३० हर्ट्झवर दिसते. सेकंदाला ३६० मापं घ्यायचं ठरलं तेही ६० हर्ट्झ काढणं सोपं जावं म्हणून.

मला खरं उत्तर सापडलं ते पुढे, १९८४ च्या एका छोट्या निबंधात. लेखक मूडी, मल्ड्रो आणि मार्क. यांतल्या मल्ड्रोंचं नाव फारसं कुणी घेत नाही. या तिघांपुढचा पेच असा: खरखरीत यंत्र ठोके बरोबर ओळखतं का हे तपासायचं, तर बरोबर उत्तर माहीत हवं, पण खरखर इतकी असेल की माणसालाही रेघ वाचता येत नाही, तर उत्तर देणार कोण? त्यांनी खरखर वेगळी पकडायचं ठरवलं. हिंडत्याफिरत्या स्वयंसेवकांना नेहमीचेच रेकॉर्डर, नेहमीच्याच तारा लावल्या, पण इलेक्ट्रोड हातापायांवर अशा जागी चिकटवले, की हृदयाची लाट त्यांत दिसूच नये. उरली ती निव्वळ हालचाल. त्यातून वेचून अर्ध्या अर्ध्या तासाच्या तीन फायली तयार केल्या. ‘बीडब्ल्यू’ म्हणजे रेघेचा झोका, ‘एमए’ म्हणजे स्नायूंची थरथर, ‘ईएम’ म्हणजे इलेक्ट्रोडचे धक्के. तिसरी सर्वांत खोडकर, कारण धक्का हुबेहूब अवेळी पडलेल्या ठोक्यासारखा दिसतो.

मग संग्रहातल्या ११८ आणि ११९ क्रमांकाच्या दोन स्वच्छ नोंदी घेतल्या. पहिली पाच मिनिटं सोडून पुढे दोन मिनिटं खरखर, दोन मिनिटं मोकळी, अशा पाळीने ‘ईएम’ मिसळली. खरखरीचं प्रमाण पायरीपायरीने वाढवलं, म्हणजे हृदयाची लाट आणि खरखर यांचं गुणोत्तर २४ डेसिबलपासून उणे ६ पर्यंत उतरवलं. उणे ६ ला रेघ डोळ्यांना अगम्य होते, तरी प्रत्येक ठोक्याचं उत्तर ठाऊक असतं, कारण मूळ नोंद स्वच्छच होती. युक्ती इतकी साधी, की हेवा वाटावा.

ही युक्ती परीक्षेसाठी होती, पण काळाच्या ओघात तीच शिकवणीची पद्धत झाली. आजचं डीनॉइझिंग, म्हणजे खरखर काढणारं, नेटवर्क असंच तयार होतं: स्वच्छ नोंद घ्या, खरखर मिसळा, यंत्राला स्वच्छ परत मागा, चुकलं की वजनं हलवा. स्वच्छ नोंदी बहुतेकदा त्याच ४८ मधल्या आणि खरखर त्याच तीन फायलींतली. दिल्लीचा प्रबंध काढा, बीजिंगचा काढा, पुण्याचा काढा, ‘बीडब्ल्यू, एमए, ईएम’ हे त्रिकूट हमखास भेटतं. चाळीस वर्षांपूर्वीच्या निनावी स्वयंसेवकांची दीड तासाची हालचाल म्हणजे जगभरातल्या यंत्रांना माहीत असलेली हालचाल.

या ४८ नोंदींच्या गोतावळ्यातलं आणखी एक भांडण टक्क्यांचं आहे. ठोके ओळखणाऱ्या नेटवर्कांचे ९९ टक्क्यांचे दावे आपण वाचतो. त्यांतल्या अनेकांत एकाच माणसाचे काही ठोके शिकवायला आणि उरलेले परीक्षेला वापरलेले असतात. डब्लिनच्या फिलिप द शझाल आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये पेसमेकरवाल्या चार नोंदी वगळून उरलेल्या ४४ ची नोंदींप्रमाणे फाळणी केली. २२ शिकवायला, २२ परीक्षेला, इकडची नोंद तिकडे नाही. अशी परीक्षा घेतली की आकडे खाली येतात. वीस वर्षं उलटली तरी जुन्या पद्धतीचे निबंध निघतच आहेत. मला हा आळस वाटत नाही, चलाखी वाटते.

मूडींचंच पुढचं काम या सगळ्याला वेगळा रंग देतं. १९८५ मध्ये, म्हणजे खरखरीच्या निबंधानंतर वर्षभराने, त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ईसीजीतूनच श्वास काढून दाखवला. श्वास घेताना छाती फुगते, हृदयाच्या विद्युत-अक्षाची दिशा किंचित फिरते आणि लाटांची उंची त्या तालात कमीजास्त होते. श्वासाला त्रास म्हणून हाकलणारा माणूसच तो वेचून वर काढत होता.

आपल्याकडचा नाडी तरंगिणीचा प्रयोग आठवतो तो इथे. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि आयआयटी मुंबई यांच्यातल्या या कामावर अनिरुद्ध जोशी, आनंद कुलकर्णी, शरत चंद्रन, व्ही. के. जयरामन आणि बी. डी. कुलकर्णी यांचा निबंध २००७ च्या लिऑं इथल्या परिषदेत आला. मनगटावर वात, पित्त, कफ या तीन जागी दाबाचे तीन सेन्सर ठेवायचे, लाटा टिपायच्या आणि यंत्राला त्या वाचायला शिकवायचं. आयुर्वेदाच्या बाजूने वा विरुद्ध मला इथे काही म्हणायचं नाही. अडचण उत्तरपत्रिकेची आहे. दोन वैद्यांना वेगवेगळं बसवून एकाच नाडीवर खुणा करून घेतल्या, तर त्या किती जुळतील? ते ठरल्याशिवाय नाडीच्या लाटेतली कुठली थरथर राखायची आणि कुठली पुसायची, हे यंत्राला सांगता येणार नाही.

आमच्या रायपुरात जीई रोडवरच्या एनआयटीत बायोमेडिकल इंजिनिअरिंगचा विभाग आहे आणि टाटीबंधला एम्स आहे. दोन्हींमधलं अंतर ऑटोने सहज कापता येतं. छत्तीसगडची म्हणून खरखर टिपायची, तर मूडींची कृती जशीच्या तशी उचलता येईल: होल्टर, चिकटपट्टीचे इलेक्ट्रोड, हृदय दिसणार नाही अशा जागा आणि चालतीफिरती माणसं. मे महिन्यात घामाने इलेक्ट्रोडची पकड सुटते, ती ‘ईएम’ बोस्टनच्या थंडीतल्या ‘ईएम’सारखी कशी असेल? बूढा तालाबच्या रस्त्यावर सायकल रिक्षा ओढणाऱ्याच्या, महामाया मंदिराच्या बोळातून डोक्यावर टोपली नेणाऱ्या बाईच्या खांद्यातल्या स्नायूंची थरथर कुठल्या फायलीत आहे?

आणि वीज. आपली ५० हर्ट्झची, ते ईसीजीच्या कागदावर छापलेलंच असतं. पण लाइट गेली की गल्लीतल्या दवाखान्यात इन्व्हर्टर सुरू होतो, आणि स्वस्त इन्व्हर्टर गोल लाट देत नाही, चौकोनी देतो. चौकोनी लाटेत ५० बरोबर १५०, २५०, ३५० अशी विषम पटीची पिल्लंही असतात. फक्त ५० वर बेतलेलं फिल्टर त्यांना हात लावत नाही. बोस्टनच्या त्या ४८ नोंदी डिजिटल करताना ०.१ ते १०० हर्ट्झ एवढाच पट्टा ठेवला होता. १५० हर्ट्झची खरखर त्यांच्यावर शिकलेल्या यंत्राने कधी पाहिलेलीच नसते.