निर्वात नलिका रेडिओची दुरुस्ती

निर्वात नलिका रेडिओची दुरुस्ती म्हणजे ट्रान्झिस्टरपूर्व काळातील रेडिओ संच तपासून, त्याचे निकामी भाग बदलून तो पुन्हा सुरक्षितपणे चालू करण्याची प्रक्रिया होय. बोलीभाषेत अशा संचास ‘व्हॉल्व्हचा रेडिओ’ म्हणतात. बिघाड नलिकांतच असावा, असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात जुनी धारित्रे, म्हणजेच कंडेन्सर, अधिक वेळा कारणीभूत ठरतात. म्हणून अनेक वर्षे बंद असलेला संच तपासल्याशिवाय विजेला जोडत नाहीत. तसे केल्यास रोहित्र व नलिका हे सहज न मिळणारे भाग जळू शकतात.

रचना

बहुतेक संच एडविन आर्मस्ट्राँग यांनी १९१८ मध्ये मांडलेल्या सुपरहेटरोडाइन तत्त्वावर चालतात. आलेल्या लहरींची वारंवारता बदलून ती साधारणपणे ४५५ किलोहर्ट्झवर आणली जाते आणि तेथे संकेताचे विवर्धन होते. युरोपीय बनावटीच्या अनेक संचांत मिश्रणासाठी ईसीएच८१, ध्वनिक्षेपक चालविण्यासाठी ईएल८४ आणि एकदिशीकरणासाठी ईझेड८० या नलिका आढळतात.

सुरक्षितता

संचात सुमारे २०० ते ३०० व्होल्ट एकदिश दाब असतो. वीज तोडल्यावरही मोठ्या धारित्रांत भार शिल्लक राहतो. तो रोधकामार्फत काढून, मीटरने खात्री केल्यावरच आतील भागांना स्पर्श करतात. एसी-डीसी प्रकारच्या संचांत वीजपुरवठ्याचे रोहित्र नसते. त्यांची धातूची चौकट वीजवाहिनीशी थेट जोडलेली असू शकते व तिचा स्पर्श प्राणघातक ठरू शकतो. असे संच विलगीकरण रोहित्रावरूनच तपासतात.

दुरुस्तीचा क्रम

प्रथम वायरीचे आवरण, वितळतार व जळाल्याच्या खुणा पाहतात. रोहित्राच्या वेटोळ्यांचे आणि नलिकांच्या तापतंतूंचे सातत्य मीटरने तपासतात. एसी-डीसी संचांत तापतंतू एकसर जोडलेले असल्याने, रोषणाईच्या माळेप्रमाणे, एक तुटला तरी सर्व नलिका विझतात.

त्यानंतर कागदी व विद्युत् विच्छेद्य धारित्रे बदलतात. कागदी धारित्रांत ओलावा शिरून गळती सुरू होते. शक्तिनलिकेच्या जालकाला जोडणारे धारित्र गळू लागल्यास जालकावर धन दाब येतो, नलिकेतून प्रमाणाबाहेर प्रवाह वाहतो आणि तिच्यासह ध्वनिक्षेपकाचे रोहित्रही जळू शकते. म्हणून हे एक धारित्र प्राधान्याने बदलले जाते. नव्या धारित्राची दाबक्षमता मूळ धारित्राइतकी किंवा अधिक असावी लागते. मात्र एकदिशकारक नलिकेनंतरच्या पहिल्या धारित्राची धारिता फार वाढविल्यास त्या नलिकेवर अतिरिक्त ताण येतो.

पहिल्यांदा वीज देताना ४० ते ६० वॅटचा तंतुदीप संचाशी एकसर जोडतात. वीजतंत्री यास ‘सिरीज बोर्ड’ म्हणतात. दिवा क्षणभर उजळून मंद झाला तर स्थिती समाधानकारक मानतात. तो पूर्ण तेजाने जळत राहिला तर आत लघुपरिपथ असल्याचे समजते.

लक्षणे व कारणे

१०० हर्ट्झची घुमणारी गुणगुण गाळणी धारित्राचा दोष दर्शविते. ५० हर्ट्झची गुणगुण तापतंतू व ऋणाग्र यांच्यातील गळतीमुळे येऊ शकते. आवाज कमी-जास्त करताना होणारी खरखर नियंत्रकातील धुळीमुळे होते व संपर्क स्वच्छ केल्यावर बहुधा थांबते.

जुळवणी आणि जतन

मध्यवारंवारता रोहित्रांचे गाभे संकेतजनित्राशिवाय फिरविल्यास मूळ जुळवणी बिघडते. त्यामुळे हे काम शेवटी व गरज असेल तरच करतात. ऐतिहासिक मूल्याच्या संचांत जुन्या धारित्राच्या कवचात नवे धारित्र बसवितात. त्यामुळे मूळ रूप टिकते आणि संच चालविणेही सुरक्षित होते.